जहाजावरून घरी ई-मेल: अख्ख्या कॉन्ट्रॅक्टभर वापरल्यानंतरचा अनुभव

घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे. नोकरी क्रूझवर केबिन स्टुअर्डची, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या सांभाळायची, जहाज कॅरिबियन समुद्रात. गेल्या कॉन्ट्रॅक्टला निघतानाच घरी ठरवलं होतं: व्हिडिओ कॉल फक्त बंदरात उतरल्यावर, समुद्रात असताना सगळं बोलणं ई-मेलवर. घरी येईपर्यंत तसंच चालवलं. आपल्या भागातून जहाजावर जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

जहाजावरचं इंटरनेट महाग का, ते आधी. जुन्या पद्धतीत सिग्नल सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तिथून जमिनीवर उतरतो. जाऊन यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि जहाजाला मिळालेली तेवढीच क्षमता हजारो माणसांत वाटली जाते. २०२२ पासून मोठ्या क्रूझ कंपन्यांनी स्टारलिंक बसवायला सुरुवात केली. ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असल्याने वेग बराच सुधारला, पण पॅक बहुतेक ठिकाणी विकतच घ्यावा लागतो. माझा क्रू पॅक, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीचा पॅक, एमबीवर मोजला जायचा.

एमबीचा हिशोब मांडला की मेल किती स्वस्त पडतो ते कळतं. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एकच. तरीसुद्धा हजार चिन्हांचं मराठी पत्र तीन केबीत मावतं (एक एमबी म्हणजे सुमारे हजार केबी). वरचा पत्ता आणि बाकीचा मजकूर धरला तरी दहा-पंधरा केबी. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा, आणि मेलला जोडल्यावर तो आणखी तिसऱ्या हिश्शाने फुगतो. एका फोटोच्या पैशात शेकडो पत्रं जातात.

ॲप वापरलं के-नाइन मेल. २०२४ च्या अखेरीपासून तेच थंडरबर्ड नावानेही मिळतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. मला ते आवडलं कारण ते आपण सांगू तेवढंच करतं. आपोआप मेल तपासणं बंद केलं, एका मेलमागे किती केबी उतरवायचे त्याची मर्यादा ३२ ठेवली, बाहेरची चित्रं बंद. ड्यूटी संपल्यावर नेट न जोडताच निवांत पत्र लिहायचं, मग क्रू मेसमध्ये येऊन वायफाय लावायचं, आउटबॉक्स रिकामा झाला आणि आलेलं उतरलं की लॉगआउट. दोन-तीन मिनिटांचं काम. फोनची बाकीची ॲप्स मागच्या मागे डेटा खातात, ती मात्र आधी अडवावी लागतात. फोटोंचा बॅकअप, ॲप अपडेट आणि ग्रुपवरचे व्हिडिओ यांवर लक्ष नसेल तर मेलमध्ये केलेली बचत तासाभरात संपते.

व्हॉट्सॲपचा साधा मजकूरही कमी डेटात जातो, हे खरं. तरी मला मेलच बरा वाटला, ते का ते पुढे येईलच. कॉलपेक्षा मेल बरा वाटण्याचं कारण घरच्या बाजूचं आहे. कॅरिबियनमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा खानापुरात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ झालेले असतात. मी मोकळा होतो तेव्हा लेक शाळेला निघालेली, बायको गोठ्यात. शिवाय जून-जुलैचा आमच्याकडचा पाऊस! लाईट गेली की टॉवरही जातो, कधी दोन-दोन दिवस. अशा वेळी कॉल लागत नाही आणि दोन्हीकडे काळजी वाढते. मेल सर्व्हरवर थांबून राहतो. लाईट आली, फोन चार्ज झाला, की तो घरी पोचतो.

घरच्यांची पत्रं लांब व्हायला लागली, हे मला अपेक्षित नव्हतं. चॅटवर ‘जेवलास?’ ‘हो’ यापुढे फारसं जात नाही. मेलमध्ये आई सांगते आणि लेक टाइप करते, तेव्हा भाताच्या रोपाला किती पाणी झालं, म्हैस कधी व्याली, शेजारच्या काकूंनी गणपतीला काय केलं, सगळं येतं. आईची सुरुवात ठरलेली: ‘काय करालास बाळ?’ लेक ते जसंच्या तसं ठेवते. आमच्या खालच्या डेकवरच्या केबिनमध्ये वायफाय पोचत नाही, पण उतरवलेलं पत्र फोनमध्येच असतं. झोपण्याआधी कितीही वेळा वाचावं, एक पैसा पडत नाही.

घरी आलेले सरकारी कागद कन्नडमध्ये असतात. त्यांचा फोटो मागवण्याऐवजी लेकीला सांगितलं, वाचून मराठीत चार ओळी लिही. शाळेत कन्नड शिकते, तिला जमतं. वीजबिलाची रक्कम आणि शेवटची तारीख एवढंच मला हवं असतं. फोटो पाहायचाच असेल तर लहान करून शंभर-दीडशे केबीचा पाठवायला शिकवलं, तोही महिन्यातून एखादाच.

निघण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करा. मेल जीमेलवर असेल तर गूगल नव्या ठिकाणाहून लॉगिन दिसलं की ओटीपी मागतं, आणि भर समुद्रात भारतीय सिमवर एसएमएस मिळेल याचा भरवसा नाही. गूगल खात्यातून दहा बॅकअप कोड काढता येतात. ते कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा, आणि ॲपमध्ये घरूनच लॉगिन करून जा.

तातडीच्या बातमीला मेल उपयोगाचा नाही. त्यासाठी कंपनीचा आपत्कालीन नंबर घरी भिंतीवर लावून ठेवलाय. आवाज ऐकायची ओढ तर कशानेच भागत नाही. म्हणून बंदरात सीमेन्स सेंटर (खलाशांसाठीचं केंद्र) असलं की तिथल्या वायफायवर कॉल करतो.

बेळगावातून प्रवासी म्हणून क्रूझवर जाणाऱ्यांनी चढताक्षणी फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवावं, नाहीतर फोन जहाजाच्या महागड्या मोबाइल नेटवर्कला चिकटतो. पॅक बहुधा एका उपकरणाचा असतो. दोघांत एक घेऊन आळीपाळीने लॉगिन करता येतं का, ते विचारा. सगळ्यांत स्वस्त पॅक कधी कधी ठराविक ॲप्सपुरताच असतो, त्यात मेल बसतो का हेही.

खलाशांसाठीच्या एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराची २०२२ ची दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहे. जहाजावर घरच्यांशी संपर्काची सोय असावी आणि इंटरनेटचे पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं आता त्यात आहे. केबिन स्टुअर्डसारखे हॉटेल विभागातले आपणही त्यात येतो. नव्या पोरांनी सही करण्यापूर्वी एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: क्रू पॅकचा दर किती, तो एमबीवर की दिवसावर, आणि मेल कुठल्या पॅकमध्ये चालतो.