रिकामी स्टेडियम आणि ध्वनिमुद्रित गर्दी : स्काय स्पोर्ट्सच्या प्रक्षेपणाविषयी

करोनामुळे थांबलेली प्रीमिअर लीग, म्हणजे इंग्लंडमधली अव्वल फुटबॉल स्पर्धा, १७ जून २०२० रोजी बंद दाराआड पुन्हा सुरू झाली, तेव्हा स्काय स्पोर्ट्स या ब्रिटिश क्रीडावाहिनीने दर्शकांना दोन पर्याय दिले : ईए स्पोर्ट्सच्या फिफा या व्हिडिओ गेममधला प्रेक्षकांचा आवाज जोडलेले प्रक्षेपण, किंवा मैदानावर जे ऐकू येते तेवढेच ऐकवणारे.

जोडलेल्या आवाजाची कारागिरी उत्तम होती. संघागणिक गाणी वेगळी होती आणि चढाई होताच गलका वाढत जाई. तरीही माझी पसंती दुसऱ्या पर्यायालाच आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले तेच प्रसंग काही पंचांना प्रेक्षकांच्या आवाजासह, तर काहींना आवाज बंद करून दाखवले होते. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. रिकाम्या मैदानावरचा पंच दुसऱ्या गटात असताना आवाज जोडलेले प्रक्षेपण घरी बसलेल्या दर्शकाला पहिल्या गटात नेऊन बसवते, आणि मग साधा, योग्य निर्णयही त्याला यजमानांवर अन्याय वाटू लागतो. पाहुण्या संघाला यजमानांपेक्षा अधिक पिवळी कार्डे मिळण्याची जुनी प्रवृत्ती प्रेक्षकांविना बरीच ओसरली, असे त्या काळावरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. कृत्रिम गलक्यात हा बदल जाणवतच नाही.

२१ जानेवारी २०२१ चा लिव्हरपूल-बर्नली सामना घ्या. ८३व्या मिनिटाला बर्नलीच्या ॲशली बार्न्सने पेनल्टीवर गोल केला आणि ॲनफिल्ड या घरच्या मैदानावरची लिव्हरपूलची ६८ लीग सामन्यांची अपराजित मालिका संपली. भरलेल्या ॲनफिल्डमध्ये असा गोल बसला की शेवटची मिनिटे प्रेक्षक संघाला अक्षरशः पुढे ढकलतात. इथे हाकारे होते ते खेळाडूंचे आणि बाकावरच्या मंडळींचेच. त्यानंतर लिव्हरपूल घरच्या मैदानावर लागोपाठ आणखी पाच लीग सामने हरले. प्रमुख बचावपटू व्हॅन डाइकची दुखापत आणि मोडकळीस आलेली बचावफळी हीही त्यामागची मोठी कारणे होती, त्यामुळे सगळे खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडता येणार नाही. पण त्या हंगामात संपूर्ण लीगमध्येच पाहुण्या संघांनी १५३ आणि यजमानांनी १४४ सामने जिंकले, आणि इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत असे प्रथमच घडले. यजमानांच्या पथ्यावर पडणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे पाहुण्यांच्या प्रवासाचा शीण आणि ओळखीचे गवत, तर पूर्वीसारख्याच होत्या.

माझी तक्रार एवढीच की मुख्य प्रक्षेपणाला तयार गलका जोडून मूळ आवाज पर्यायी वाहिनीवर ढकलला गेला. फुटबॉलच्या इतिहासातला इतका दुर्मीळ काळ चालू असताना ही निवड उलट व्हायला हवी होती. ज्यांना केवळ करमणूक हवी होती त्यांच्यासाठी पहिला पर्याय चांगलाच होता. मात्र घरच्या मैदानाचा फायदा येतो कुठून, हे ज्यांना समजून घ्यायचे होते त्यांना मी दुसराच सुचवेन.