पट्टीवरचे नाव आणि नळीखालचे ठसे

वडील वारल्यानंतर त्यांची बारा बोरची दुनळी कायद्याप्रमाणे पुण्यातील एका जुन्या परवानाधारक बंदूक-दुकानात जमा केली. वारस म्हणून माझा परवाना होईपर्यंत ती तेथेच राहणार असल्याने तिची पारख करून किंमतही काढून घ्यावी, असे ठरवले. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर. बी. रॉडा, कलकत्ता’ असे कोरलेले असल्यामुळे ती कलकत्त्यातच घडवलेली, अशी आमच्या घरची समजूत होती.

दुकानातील वयस्कर मिस्त्रींनी ते नाव वाचून बाजूला ठेवले. नळ्या सोडवून, उलट्या धरून त्यांनी मागच्या टोकाच्या सपाट भागावरील बारीक ठसे भिंगाखाली दाखवले: मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी, म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने (बंदुकांची मजबुती तपासून ठसा मारणाऱ्या संस्थेने) बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली बंदूक. रॉडा हे केवळ विक्रेते. काडतुसाच्या घराची लांबी अडीच इंच असल्याचा ठसा तिथल्या तपासणीच्या 1925च्या नियमांनंतरचा, त्यामुळे बंदूक त्याआधीची नाही, हेही कळले. मग त्यांनी नळ्या बोटाला टांगून लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारली. घंटेसारखा नाद निघाला, तेव्हा पट्टीचे झाळकाम सुटलेले नाही, असे म्हणून ते प्रथमच हसले.

आजची 70 मिलिमीटरची काडतुसे या अडीच इंची, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटरच्या घरात बसतात, पण उडताना त्यांचे तोंड उघडायला जागा पुरत नाही व दाब वाढतो, म्हणून ती वापरू नयेत, ही ताकीद त्यांनी न विचारता दिली. नळ्या, मधली कळेची यंत्रणा आणि पुढचे लाकूड या तिन्हींवरील क्रमांक जुळल्याने किंमत वाढते, हेही सांगितले. परवान्यावर मात्र कोणा लेखनिकाने 7 चा 1 केला होता. तो त्यांच्याच नजरेस आला, नाहीतर माझा अर्ज पुढे अडकलाच असता.

तक्रार मूल्यांकनाबद्दल आहे. आकडा तोंडी सांगितला, कागदावर देण्यास मालकांनी नकार दिला आणि लगेच त्याच आकड्याला बंदूक विकत मागितली. दुसऱ्या दुकानदाराने तिचे जवळजवळ दीडपट सांगितले. किंमत ठरवणारा आणि घेणारा एकच असला की असे व्हायचेच. ओळख पटवण्यासाठी मिस्त्रींकडे जरूर जावे, भावासाठी आणखी एक दुकान पाहावे आणि बंदूक जमा ठेवण्याचे मासिक भाडे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. मला ते चौथ्या महिन्यात समजले.