डॅकचा आवाज सुधारायचाय: आधी वीज की आधी क्लॉक?

डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा अ‍ॅनालॉग आवाज करणारं यंत्र) आणि अ‍ॅम्प्लिफायर घरात आहे, हाताशी थोडे पैसे आहेत. विक्रेता म्हणतो, बाहेरून चांगलं क्लॉक, म्हणजे डॅकला ताल देणारं घड्याळ, जोडा, आवाज खुलेल. वायरमन म्हणतो, आधी अर्थिंग बघा. वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत कुठेही राहत असाल, तर माझं मत वायरमनला.

विजेचा गोंगाट फाइलमधले आकडे सहसा बदलत नाही. यूएसबीची वायर खरंच बिघडली तर गाणं तुटतं, टकटक होते. आवाज 'पातळ' किंवा 'गढूळ' वगैरे होत नाही. गोंगाट शिरतो तो अ‍ॅनालॉग बाजूला. लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन, अ‍ॅम्प्लिफायर थ्री-पिन आणि मधे डॅकमार्गे दोघांना जोडणारी यूएसबी, की झाला ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या तारांमधून फिरणाऱ्या विजेचं वेटोळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर ५०, १०० आणि त्यांच्या पुढच्या पटींवर ऐकू येते. पेटीचा खालचा सूर लांबला की ती हमखास कानात बसते.

ओळखायचं कसं? चार्जर उपसा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरघर थांबली तर दुखणं सापडलं. मग यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन विजेची जोड तोडणारा डबा) लावा, किंवा सोय असेल तर ऑप्टिकल केबल. काचेतून वा प्लॅस्टिकमधून नुसता प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून लूप तिथेच तुटतो. अर्थची पिन मात्र कापू नका. घरघर जाते खरी, पण आपल्या दमट हवेत, ओल्या पायांनी त्या अ‍ॅम्प्लिफायरला हात लावायचा म्हणजे जिवाशी खेळ.

कोकणात यात आणखी भर पडते. जांभ्यात अर्थिंग नीट बसत नाही, आणि मे महिन्यात जमीन कोरडी पडली की त्याचा रोध आणखी वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची आठवण तेव्हा कोणाला राहते? खाऱ्या हवेने सॉकेट आणि आरसीएच्या (डॅक-अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या) पिनांवर हिरवट थर चढतो, जोड सैल पडतो. पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टर, आणि तो स्क्वेअर वेव्हचा (गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा) असेल तर पंख्यापासून अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळं गुरगुरतं. साइन वेव्हचा इन्व्हर्टर, नवी अर्थिंग आणि साफ केलेले जोड यांचा फरक ऐकायला तज्ज्ञ कान लागत नाही.

आता क्लॉक. सीडीच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे दर सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांनी एक. ती वेळ किंचित मागेपुढे झाली की तो जिटर. १० किलोहर्ट्झच्या सुरावर एक नॅनोसेकंदाचा जिटर असेल तर त्यातून येणारी चूक मूळ सुराच्या साधारण ८४ डेसिबल खाली राहते. १०० पिकोसेकंद असेल तर १०४ डेसिबल, म्हणजे १६ बिट सीडीच्या सुमारे ९६ डेसिबलच्या मर्यादेपलीकडे. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत संगीत ऐकताना लोकांना अनियमित जिटर जाणवू लागला तो काहीशे नॅनोसेकंदांवर. आजचे बरे डॅक त्याच्या कितीतरी खाली असतात.

शिवाय असिंक्रोनस यूएसबीच्या डॅकमध्ये क्लॉक डॅकच्याच पोटात असतं. डॅक मागेल तसा कॉम्प्युटर फक्त डेटा पुरवतो. बाहेरून १० मेगाहर्ट्झचं महागडं क्लॉक जोडलं तरी आत त्यापासून २२.५७९२ मेगाहर्ट्झसारखा आकडा पीएलएलने (एका तालावरून दुसरा ताल बनवणाऱ्या सर्किटने) तयार करावाच लागतो. चिपशेजारचा साधा क्रिस्टल (ताल देणारा स्फटिक) हे काम सहसा जास्त नीट करतो. एकट्या डॅकसाठी हा खर्च मला पटत नाही. अपवाद एकच: जुना, कॉम्प्युटरच्या तालावर चालणारा अ‍ॅडॅप्टिव्ह यूएसबीचा डॅक असेल तर बदला. पण तेव्हाही डॅकच बदला, क्लॉक विकत घेऊ नका.

दशावताराचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. एक रेकॉर्डर पेटी-मृदंगापाशी, दुसरा रंगमंचासमोर. दोघांच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद सरकतात, चार तासांत जवळजवळ ०.३ सेकंद. मग संवाद आणि झांज जुळत नाहीत आणि एडिटिंगला बसणारा वैतागतो. इथे दोन्ही यंत्रांना एकच वर्ड क्लॉक, म्हणजे नमुन्यांचा सामाईक ताल, द्या, किंवा सगळे माइक एकाच मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर घ्या. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, फक्त केबल लांब लागते.