मॅस्टोडॉनवर उशिरा आले : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर २०२२च्या शेवटी ट्विटर इलॉन मस्क यांच्या हातात गेलं आणि पुढच्या काही आठवड्यांत माझ्या ओळखीतले बरेच जण मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच समाजमाध्यमावर गेले. तिथल्या सक्रिय सदस्यांची संख्या तेव्हा काही काळ महिन्याला सुमारे २५ लाखांपर्यंत पोचली होती. मी गेले नाही. पुन्हा नवी माणसं शोधायची, पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, याचा मला मनापासून कंटाळा आला होता. मी खातं उघडलं तोवर त्या लाटेतले अर्धे लोक परतलेही होते. जे टिकले त्यांच्या आपसातल्या मैत्र्या जुळून गेल्या होत्या.

पहिले तीन आठवडे फार एकटे गेले. हे आधीच सांगते, कारण बरेच जण याच टप्प्यावर खातं सोडतात. इथली होम टाइमलाइन निव्वळ काळाच्या क्रमाने चालते. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्याच पोस्ट दिसतात, नवी आधी, जुनी नंतर. नवख्याची पोस्ट उचलून हजार अनोळखी लोकांपुढे ठेवेल अशी यंत्रणा तिथे नाही. पोस्ट आवडल्याची खूण केली तरी ती पुढे सरकत नाही. पसरते ती कोणी बूस्ट केली, म्हणजे आपल्या फॉलोअरांपुढे पुन्हा ठेवली, तर. मी चंद्राचे फोटो टाकत होते आणि ते कोणालाच दिसत नव्हते.

उशिरा येणाऱ्याला आणखी एक गोष्ट चकवते. मॅस्टोडॉन म्हणजे एक साइट नव्हे. हजारो स्वतंत्र सर्व्हर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या साइट, एकमेकांशी बोलतात. त्यासाठी ते ॲक्टिव्हिटीपब नावाचं प्रमाण वापरतात, ज्याला वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने जानेवारी २०१८मध्ये मान्यता दिली. मी निवडलेला सर्व्हर छोटा होता. तिथून दुसऱ्या सर्व्हरवरच्या एखाद्या जुन्या सदस्याचं पान उघडलं, की चार-पाचच पोस्ट दिसायच्या, कधी एकही नाही. मला वाटायचं, हा माणूस लिहीतच नाही. खरं तर आमच्या सर्व्हरवरून त्याला तोवर कोणी फॉलोच केलेलं नव्हतं, म्हणून त्याचं जुनं लेखन आमच्याकडे पोचलंच नव्हतं. मूळ सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर अनेक वर्षांचं लेखन समोर! हे कळल्यावर मी कोणालाही फॉलो करण्याआधी त्याचं मूळ पान वाचायला लागले. त्यात वेळ जातो, पण माणूस कळतो.

नंतर दोन गोष्टी केल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे इंट्रोडक्शन हा हॅशटॅग लावून स्वतःची ओळख लिहिली आणि ती प्रोफाइलवर पिन केली. आणि खगोलछायाचित्रणाचे हॅशटॅग फॉलो केले. इथे माणसांसारखेच हॅशटॅगही फॉलो करता येतात, मग त्या विषयावरच्या अनोळखी लोकांच्या पोस्टही टाइमलाइनवर येतात. मग रोज दोन-तीन पोस्टना उत्तर द्यायला लागले. नुसतं ‘छान’ नाही, तर काहीतरी विचारायचं : एक्सपोजर किती ठेवलं, फ्रेम किती जोडल्या. ओळखी तिथूनच झाल्या. पोस्टची मर्यादा सहसा ५०० अक्षरांची असल्याने उत्तरंही जरा सविस्तर येतात.

एका दृष्टिहीन सदस्याने लिहिलं, “तुमच्या फोटोला वर्णन नाही, मला काही कळलं नाही.” मी ओशाळले. इथे चित्राला वर्णन जोडणं ही साधी शिस्त मानली जाते. पौर्णिमेच्या त्या फोटोचं वर्णन लिहायला बसले तेव्हा टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे किती लांबवर जातात, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांनी लगेच विचारलं, सगळे पट्टे सारख्या लांबीचे आहेत का? नाहीत. ते पाहायला मी फोटो पुन्हा उघडला आणि आमचं बोलणं दोन दिवस चाललं. नऊ महिन्यांतला माझा हा सगळ्यात आवडता संवाद.

जुने लोक अजून पोस्टला ‘टूट’ म्हणतात. बटणावरचा तो शब्द २०२२च्या शेवटी आलेल्या ४.० आवृत्तीत गेला, बोलण्यातून गेला नाही. मला सुरुवातीला तो परका वाटायचा. आता मीही वापरते.

तक्रार आहे ती माझ्या पहिल्या सर्व्हरबद्दल. तो एकच माणूस फावल्या वेळात चालवत होता. पाचव्या महिन्यात त्याने बंद करत असल्याचं कळवलं, मुदतही दिली. खातं दुसरीकडे हलवलं की फॉलोअर सोबत येतात, पण पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. मी कोणाला फॉलो करते ती यादी फाइल म्हणून उतरवून नव्या जागी चढवता आली. लेखन मात्र गेलं. त्या दृष्टिहीन सदस्याशी झालेल्या संवादातली माझी बाजू आता कुठेच वाचता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या सगळ्या पोस्टचा संग्रह उतरवून घ्यायची सोय होती, मला ती माहीत नव्हती. म्हणून सर्व्हर निवडताना तो कोण चालवतं, एकापेक्षा जास्त मॉडरेटर आहेत का, खर्च कुठून निघतो आणि बंद करायची वेळ आली तर किती आधी कळवणार, हे त्याच्या ‘अबाउट’ पानावर आधी वाचा. काही लिहिलेलं नसेल तर दुसरा शोधा.

ज्यांच्यामुळे मी इथे आले त्या जुन्या मित्रांपैकी दोघंच उरलेत, तेही क्वचित लिहितात. त्यांच्याशी गप्पा मारायच्या म्हणून कोणी येणार असेल तर येऊ नये, असंच मी सांगेन.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी माझा संग्रह उतरवून ठेवते. परवाच्या फाइलमध्ये पाहिलं, तर निम्म्याहून जास्त पोस्ट मी दुसऱ्यांना दिलेली उत्तरं होती.