कूलर चालू असताना ॲम्प तपासून घेऊ नका

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, बाकी वर्षभर कास्तकारी. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका वादकाकडून पंधरा वॅटचा जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प घेतला. त्यात गिटारच्या बाजूला तीन ईसीसी ८३ व्हॉल्व्ह आणि आउटपुटला, म्हणजे स्पीकरच्या बाजूला, ईएल ८४ व्हॉल्व्हची जोडी, तीही भारत इलेक्ट्रॉनिक्सची, बेंगळुरूला बनलेली. आधीच्या मालकाने जोडी चुकू नये म्हणून दोन्ही काचांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तो ठिपका लक्षात ठेवा.

यंदा मार्चमध्ये ॲम्प घूंऽऽ करायला लागला. गिटारची वायर काढली तरी घूं, आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी घूं. आता कळतं की निम्मं उत्तर तिथेच होतं. वायर काढूनही आवाज राहतो म्हणजे गिटारच्या पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा) किंवा खोलीतल्या ट्यूबलाईटचा दोष नाही. बटण शून्यावर असतानाही राहतो म्हणजे बिघाड त्या बटणानंतरच्या भागात, नाहीतर पॉवर सप्लायमध्ये. पण तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की आमच्या गावची लाईन वाईट आहे. रात्री कास्तकारांचे पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात. त्यामुळे यवतमाळच्या दुरुस्तीवाल्याने "लाईन खराब हाय तुमच्या खेड्याची, तिनंच व्हॉल्व्ह खाल्ले" म्हटलं, तेव्हा मी मान डोलावली. माणूस खोटं बोलला असता तर कदाचित पकडला असता. तो मला आधीच पटलेली गोष्ट बोलला.

त्याने ॲम्प उघडलाही नव्हता. तरी आठ दिवसांनी यादी आली: पाच व्हॉल्व्ह, नऊ हजार, ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंग, साडेसहा हजार, लाईन फिल्टर, दीड हजार, मजुरी दोन हजार. एकूण एकोणीस हजार, म्हणजे चार क्विंटल सोयाबीन. जुने व्हॉल्व्ह मागितले तर म्हणाला, "फेकले ना भाऊ, कायले पायजे मेलेला माल?"

मे महिना, दुपारचे दोन. दुकानात मोठा लोखंडी कूलर धडधडत होता, बाहेर ऑटो. त्याने ॲम्प लावला, एक कॉर्ड वाजवून दाखवला, "पाय, आहे का आवाज?" नव्हता. म्हणजे असेल, पण त्या कूलरपुढे विमान उडालं असतं तरी ऐकू आलं नसतं. मी पैसे दिले. पावतीचा कागद संपला आहे म्हणाला.

घरी रात्री लावला, तर आधीपेक्षा मोठी घूं. फोन केला. "सांगितलं ना, लाईन."

पुढच्या आठवड्यात एका लग्नात माईकजवळ तोंड नेलं आणि ओठाला चटका बसला. हात तारांवर होता. तेव्हा मात्र घाबरलो आणि ॲम्प आयटीआयमधून रिटायर झालेल्या आमच्या मास्तरांकडे नेला. तरुणपणी त्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत.

त्यांनी आधी प्लग खोलला. "काहून रे, हे कोणं कापलं?" अर्थची हिरवी वायर आतून छाटलेली होती. दीड हजाराचा लाईन फिल्टर तो हाच! अर्थ तोडला की साऊंडच्या मिक्सरला जोडल्यावर येणारी एक प्रकारची हमिंग कमी होते, हे खरं. पण मग ॲम्पचा पत्रा आणि गिटारच्या तारा जमिनीला जोडलेल्याच राहत नाहीत. बऱ्याच जुन्या ॲम्पमध्ये लाईन आणि पत्रा यांच्यामध्ये एक छोटा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. त्यातून झिरपलेला करंट माझ्या ओठांतून माईककडे गेला होता. तो कॅपॅसिटर शॉर्ट झाला असता तर हे लिहायला मी नसतो.

मग मास्तरांनी मला गिटारवर सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबायला लावला. तो सूर ९८ हर्ट्झचा. घूं त्याच्याशी जवळपास जुळली, किंचित चढी. "शंभर हाय हे. लाईनची असती तर पन्नासची असती, याच्या एक सप्तक खाली. शंभर म्हणजे रेक्टिफायरनंतरची, फिल्टर कॅपॅसिटर वाळले." रेक्टिफायर लाईनचा उलटसुलट करंट एका दिशेचा करतो, तिथे पन्नासचे शंभर होतात; फिल्टर कॅपॅसिटर ते चढउतार सपाट करतात. मला तर तिथेच हसू आलं, माझ्याच कानाला ऐकू येणारी गोष्ट मी एकोणीस हजारांना विकत घेतली होती.

ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन, गिटारच्या बाजूने एकेक ईसीसी ८३ काढून ते पाहत गेले. तिन्ही काढल्यावरही निम्मी घूं उरली. आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळणारे असतील तर पॉवर सप्लायची हमिंग बरीचशी आपसात कटते. मीटर लावला तर एकातून दुसऱ्याच्या जवळपास दीडपट करंट जात होता. नव्या व्हॉल्व्हची म्हणून दिलेली खोकी कोरी, पण आतल्या व्हॉल्व्हच्या पिना घासलेल्या. जुनेच, बेजोड व्हॉल्व्ह घातले होते. म्हणजे आधी नसलेली हमिंगही त्याने दिली. ट्रान्सफॉर्मरचं तर विचारूच नका: स्क्रूवरचा मूळ रंगसुद्धा तुटलेला नव्हता.

कॅपॅसिटर ६२० रुपयांचे. ते मास्तरांनीच बदलले, मला हात लावू दिला नाही. स्विच बंद केल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या वर साठून राहतात, आधी रेझिस्टर लावून ते उतरवावे लागतात. हिरवी वायर परत जोडली. माझ्या घरचं अर्थिंगही तपासलं. फेज आणि अर्थमध्ये लावलेला बल्ब मिणमिणता. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा घालून चार बादल्या पाणी ओतलं, बल्ब उजळला. म्हणजे लाईनचं गाऱ्हाणं अगदीच खोटं नव्हतं, राजेहो. म्हणून तर मी फसलो.

नवी जुळलेली जोडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली. आता रात्री अंगणात लावला तर रातकिडे ऐकू येतात.

जुलैत पुन्हा यवतमाळला गेलो. कूलर बंद होता. काचेच्या कपाटात ईएल ८४ ची एक जोडी, दोन्हींवर लाल ठिपका. किंमत विचारली.

"ओरिजनल बेंगळुरू माल हाय, तीन हजार. तुमच्यासाठी अठ्ठावीसशे."

मोबाईलमधला जुना फोटो काढून समोर धरला. त्याने तो बराच वेळ पाहिला, मोठा करूनही पाहिला.

"लाल ठिपका तं कोणीबी लावते, भाऊ," म्हणाला, आणि कपाटाला कुलूप लावलं.