मांगूर पकडायचा ‘कॉम्बो किट’ मागवताय? आधी हे वाचा

रॉड, रील, दोरी, गळ आणि ‘मांगूर स्पेशल’ चाऱ्याचं पाकीट, सगळं १,४९९ रुपयांत. मोबाईलवर मांगूर मासा पकडायच्या किटची जाहिरात आली. व्हिडिओत चारा पाण्यात पडायचा अवकाश, मासे एकमेकांवर उसळत होते. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आणि बोड्या (छोटी तळी) गावोगावी, तेव्हा असल्या जाहिरातींना इथं गिऱ्हाईक मिळणारच.

व्हिडिओ थांबवून पाहा, कडेला सिमेंटची भिंत दिसते. टाक्यातले पाळलेले, उपाशी ठेवलेले मासे ते. भाकरीचा तुकडा टाकला तरी असेच तुटून पडतील. मला तर ते आफ्रिकन मांगूर वाटले, ज्याच्या पालनाला देशात बंदी आहे. तलावातला मांगूर तळाच्या चिखलात राहतो, रात्री फिरतो, मिशांनी चव-वास घेत खाणं शोधतो. वर येतो तो हवा घ्यायला, की लगेच खाली.

तरी मी किट मागवून पाहिलं. पार्सल कॅश ऑन डिलिव्हरी. आधी उघडून दाखव म्हटलं तर पोरगा म्हणे, “भाऊ, पैसे पयले, मंग उघडा.” रॉडचं टोक चिकटवलेलं निघालं. दोरीच्या रिळावर ‘२० किलो’ छापलेलं. दहा लिटरच्या भरलेल्या बादलीच्या कडीला ती बांधली, गाठ नीट ओली करून, म्हणजे नंतर गाठीवर खापर नको. बादली जमिनीवरून सुटायच्या आत दोरी तट्कन तुटली. गळ अंगठ्याच्या नखावर टेकवले तर घसरत होते. धार असलेला गळ नखात रुततो. एक खिळ्याला अडकवून ओढला, तो सरळच झाला.

चारा म्हणजे गुलाबी रंगाची कणीक, बडीशेपेच्या वासाची. गळाला लावून पाण्याच्या ग्लासात सोडली, चहा होईस्तोवर सगळा गाळ तळाशी.

विक्रेत्याला फोन केला. आधी ‘सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा’, मग ‘व्हिडिओत पार्सलच्या सगळ्या बाजू दिसत नाहीत’, आणि शेवटी ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’. खरा डाव इथंच आहे, राजेहो! पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. मी फोन ठेवला, त्यानं नंबर ब्लॉक केला. अशा मालाची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर होते; क्यूआरमधून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० लावा. माझी तक्रार नोंदली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या काकांना ते पाकीट दाखवलं. हुंगून म्हणाले, “बाप्पा, मांगराले सेंट काहून लावता?” त्यांचं सामान म्हणजे बांबूची काठी, जाड तंगूस (नायलॉनची दोरी), शिशाचा एक गोळा आणि त्याखाली वीतभर अंतरावर एकच गळ. चाऱ्याला जाडं गांडूळ, नाहीतर कोंबडीची आतडी, थोडी उन्हात सुकवून चिवट केलेली. ओली कलेजी वासाला झकास, पण गळावरून लवकर सुटते, म्हणून ते ती दोऱ्यानं गुंडाळतात.

हे सगळं आठवडी बाजारात दोनशेच्या आत येतं. तंगूस घेताना हातभर तुकडा मागा, दोन्ही हातांना गुंडाळून हिसका द्या. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान. आणि बरेच तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. गळाला शिंगी (मांगरासारखाच मिशांचा मासा) लागली तर नुसत्या हातानं धरू नका. कल्ल्यामागचा तिचा काटा विषारी असतो.