पत्ते की नाणी? मुंबईत हातचलाखी शिकणाऱ्यासाठी

समोरासमोर बसून दाखवायची जादू शिकायचं पक्कं झालं की प्रश्न उरतो तो एकच: पत्त्यांचा कॅट घ्यायचा की चार नाणी? दोन्ही एकदम धरू नये असं माझं मत. पत्त्यांत बोटांच्या टोकांचं काम जास्त, नाण्यांत तळहाताचं. पहिलं वर्ष एकालाच दिलेलं बरं.

लवकर काहीतरी दाखवायचं असेल तर पत्ते सरळ पुढे आहेत, यात वाद नाही. एकवीस पानं तीन रांगांत वाटायची, प्रेक्षकाने मनात धरलेलं पान ज्या रांगेत असल्याचं तो सांगेल ती रांग दर वेळी मधे घालायची, आणि तिसऱ्या वेळेनंतर त्याचं पान वरून अकरावं येतं. यात हातचलाखी शून्य. दुपारी शिकलात तर रात्री जेवणानंतर दाखवाल. पुढची पायरीही सोपी. कॅटाच्या तळाचं पान गुपचूप पाहून ठेवायचं. प्रेक्षक आपलं पान कॅटावर ठेवून कॅट काटतो, तेव्हा तुमचं ओळखीचं पान नेमकं त्याच्या पानाच्या डोक्यावर येऊन बसतं. आठवडाभरात एवढं हातात बसतं. नाण्यांत असा आयता प्रयोग जवळजवळ नाहीच. साधा फ्रेंच ड्रॉपसुद्धा, म्हणजे नाणं दुसऱ्या हातात घेतल्याचं भासवून पहिल्याच हातात ठेवणं, दोन-तीन आठवडे आरशासमोर घासल्याशिवाय कोणाला दाखवण्यासारखा होत नाही.

मग पत्तेच घ्या, असं म्हणायला हवं होतं. पण आपण मुंबईत राहतो.

पत्त्यांची खरी मजा सुरू होते डबल लिफ्टपासून, म्हणजे दोन पानं एकच असल्यासारखी उलटण्यापासून. १९२२ साली शिकागोत पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी प्रसिद्ध जादूगार हूडिनीला चकवलं ते मधे घातलेलं पान पुन्हा पुन्हा वर आणून. आज हा प्रयोग बहुतेक जण डबल लिफ्टवरच उभा करतात. कृती अशी: उजव्या अंगठ्याने कॅटाची आपल्याकडची कड हलकेच वर उचलत दोन पानं सोडवायची, त्यांच्याखाली डाव्या करंगळीचं मांस किंचित अडकवून फट राखायची, आणि दोन्ही पानं एकत्र उलटायची. हे जमण्यासाठी पानं एकमेकांवरून सुटी सरकली पाहिजेत आणि उलटल्यावर एकमेकांना चिकटून राहिली पाहिजेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात, आणि चांगल्या कागदी कॅटात त्या असतात. त्याच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, त्यांत हवा अडकते आणि पान पानावर तरंगतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ही हवा संपते. पत्त्याचा कागद दोन थर चिकटवून केलेला असतो. दमटपणा तो पितो, फुगतो, आणि दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत म्हणून पान वाकतं. मग करंगळीशी दोनच्या जागी तीन पानं येतात. उलटलेल्या जोडीच्या कडेला बारीक फट दिसते, आणि समोरच्याने ती एकदा पाहिली की पुढचं सगळं वाया. पानांचा पंखा उघडावा तर चार-चार पानांचे गठ्ठे पडतात. मला पत्त्यांपासून दूर नेलं ते याच एका गोष्टीने. सराव कमी पडला तर वाढवता येतो, पण काल जमलेली चाल आज का जमत नाही, दोष हाताचा की पानांचा, हेच कळेनासं झालं तर शिकणारा चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतो. नवख्याचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

उपाय आहेत. घट्ट झाकणाच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅट ठेवा, वर वजन ठेवा. टाल्कम पावडर मात्र लावू नका. ती ओल धरते आणि गुठळ्या होतात. डबा चांगला काम करतो, पण डब्यात. बाहेर काढून अर्धा-पाऊण तास सराव केला की पानं पुन्हा जड व्हायला लागतात. एसीच्या खोलीत सरळ असलेला कॅट गॅलरीत नेला तर आणखी लवकर. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते ओल पीत नाहीत हे खरं, पण ते इतके निसटते असतात की जोडीतलं खालचं पान आपसूक बाजूला डोकावतं. शिवाय स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा कॅट बहुतेक अरुंद मापाचा असतो, रुंदी सुमारे ५७ मिलिमीटर. जादूगार वापरतात तो साधारण ६३.५ मिलिमीटरचा. हात लहान असेल तर अरुंद कॅट सोयीचाच. फक्त मागच्या बाजूला पांढरी किनार आहे ना ते पाहा. किनार असली की जोडी जराशी सरकली तरी डोळ्यांत भरत नाही.

आता नाणी. गंमत अशी की पत्त्यांना मारणारी हीच दमट हवा नाण्यांना तारते. नाणं तळहातात धरून ठेवणारी क्लासिक पाम ही चाल कोरड्या हाताला फार जड जाते. तळवा किंचित दमट असला की पकड बसते. उत्तरेकडच्या थंडीत हाताला क्रीम चोळावं लागेल, आपल्याकडे बाराही महिने ते काम हवा करते. फार घाम येत असेल तर मात्र सोडायच्या वेळी नाणं चिकटून बसतं. अशा वेळी रुमाल खिशात ठेवा, आणि तो खिशातून काढणं हीच नाणं टाकायची संधी समजा.

नाणं कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. सध्याचा छोटा स्टीलचा रुपया २० ते २२ मिलिमीटरचा आणि चार ग्रॅमही नाही. बोटांच्या मधून तो गळतो. पाच रुपयांचं पितळी नाणं वजनाला बरं, पण २३ ते २५ मिलिमीटरच. दहा रुपयांचं दुरंगी नाणं २७ मिलिमीटर आणि सुमारे ७.७ ग्रॅम, सुरुवातीला हेच घ्या, एकसारखी चार. चाळीस रुपयांत सामान झालं, आणि कंटाळलात तर भाजी आणा. वीस रुपयांचं नाणंही २७ मिलिमीटरचंच आहे आणि जरा जड, पण त्याचे बारा कोपरे बोटांवरून फिरवताना अडतात. परदेशी जादूगारांचं लाडकं अमेरिकन हाफ डॉलर ३०.६ मिलिमीटर आणि ११.३४ ग्रॅम असतं. आपला राणीछाप चांदीचा रुपया, पूर्ण एक तोळ्याचा म्हणजे ११.६६ ग्रॅम, मापाने जवळजवळ त्याच्याइतकाच आहे. आजीच्या डब्यात असेल तर हातात धरून पाहाच. चोरबाजारात किंवा फोर्टच्या फुटपाथवर विकत घेताना मात्र नक्कल आहे असंच धरून चाला. सरावाला नक्कल चालते, चांदीचा भाव देऊ नका.

पहिली चाल फिंगर पाम: मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी नाणं आडवं, बोटं नैसर्गिक वाकलेली. ही दोन दिवसांत येते. मग क्लासिक पाम. नाणं मधल्या दोन बोटांच्या टोकांवर घ्या, बोटं मिटून ते तळव्याच्या मध्यावर दाबा, आणि अंगठ्याखालचा उंचवटा व करंगळीखालचा उंचवटा यांच्यात कडेने धरा. पहिले पंधरा दिवस ते पडतच राहील. खाली गादी घ्या, नाहीतर लादीवरचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. नेहमीची चूक म्हणजे जोर लावणं. मग अंगठा ताठ बाहेर येतो आणि हात लुळा पडल्यासारखा दिसतो. नाणं तळव्यात ठेवून चहाचा कप उचला, फोनवर टाइप करा, शर्टाची बटणं लावा. हाताला ओझ्याचा विसर पडला की चाल आली.

नाण्यांचा मोठा फायदा म्हणजे सराव कुठेही होतो. पत्त्यांना दोन मोकळे हात लागतात, शिवाय बंद पंखा आणि कोरडं टेबल. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर पाण्याच्या ग्लासाचं वर्तुळ असतंच. नाणं एका हातात, दुसऱ्या हाताने लोकलची कडी धरून, अंधेरी ते चर्चगेट. नाण्यांचा बादशहा म्हणवणारे टी. नेल्सन डाउन्स मुळात आयोवात रेल्वेचे तारबाबू होते, हे अशा वेळी आठवून हुरूप येतो.

तोटे लपवत नाही. दोन नाणी एका हातात असली की खणखणतात, आणि तो आवाज घालवायला महिने जातात. दुसरं, कोन. पत्त्यांचे बरेच प्रयोग चहूबाजूंनी माणसं असताना तगतात. चाळीच्या गॅलरीत तुमच्या कोपराखालून पोरं बघत असतील तर पाम उघडा पडतो. आणि आपले लोक विचारायला लाजत नाहीत. ‘दुसरी मूठ उघड’ ही हाक पहिल्याच प्रयोगात येते. म्हणून नाणं गायब करून थांबू नका. ते लगेच कोणाच्या तरी कोपरातून काढा, म्हणजे मूठ तपासायला सवड मिळत नाही.

घरी एसीची खोली असेल, गणपतीत पाहुण्यांसमोर काहीतरी करून दाखवायचं असेल आणि हातात पंधराच दिवस असतील, तर पत्ते घ्या, बिनधास्त. सहा महिने देणार असाल तर माझा कौल नाण्यांना. दुकानदाराकडून दहाची चार नाणी मागून घ्या, शक्यतो एकाच छापाची, आणि खरं नाणं खरोखर डाव्या हातात ठेवण्यापासून सुरू करा. दहा वेळा खरं ठेवायचं, अकराव्या वेळी तीच लय राखून उजव्याच हातात मागे ठेवायचं. नजर दोन्ही वेळा डाव्या मुठीवर. अकरावी वेळ फोनवर चित्रित करून पाहा. ती पहिल्या दहांतून वेगळी काढता आली, तर उद्या पुन्हा दहा खऱ्यांपासून.